हिरवी चौकट

नरहर दाणी सरांना जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता, पण बातम्यांच्या संकेतस्थळांचा तिटकारा त्यांनी जितक्या निष्ठेने केला तितका दुसऱ्या कशाचाच केला नाही. पिपरी मेघेतल्या घरात, खिडकीजवळच्या संगणकापुढे बसून ते रोज सकाळी ‘धामवार्ता’ उघडत आणि उघडल्याबरोबर शिव्या द्यायला लागत. शिव्याही सरांच्याच, व्याकरणशुद्ध. हायस्कुलात उभा जन्म मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या कसल्या देणार?

‘धामवार्ता’ म्हणजे वर्धा शहराची आणि जिल्ह्याची खबरबात देणारे संकेतस्थळ. प्रफुल भोयर नावाचा सरांचाच एक जुना विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीतून ते चालवायचा. मथळा वाचायला जावे तर त्यावरून एक ट्रॅक्टर धावत जाई. ट्रॅक्टर घालवायला फुलीवर बोट ठेवावे तर मूळव्याधीचा दवाखाना उघडे. ‘वर्ध्यात भरदिवसा हे काय घडले? वाचून थक्क व्हाल!’ असे लिहिलेले असे, आणि चार सोफासेट, दोन कोचिंग क्लासेस आणि एक पोट साफ करणारे चूर्ण ओलांडून खाली पोचावे तेव्हा कळे की बसस्टँडच्या रस्त्यावर नळाची पाइपलाइन फुटली.

“नळ फुटला हे सांगायला याला एवढा बाजार भरवावा लागतो,” सर म्हणत. “आणि लोक वाचतात! हे वाचक नव्हेत, ही गिऱ्हाइके आहेत. मेंढरे परवडली, निदान ती चरताना खाली पाहतात.”

इतके असून सर ते रोज उघडत, कारण दर गुरुवारी त्यावर त्यांचे सदर येई. सदराचे नाव ‘कानउघाडणी’. दुकानांच्या पाट्यांवरचे अशुद्ध मराठी, वाढदिवसाचे फलक, लग्नातले डीजे, सत्कारासाठी हपापलेले पुढारी, सगळ्यांना सर त्यात सोलून काढत. हवामान आणि राशिभविष्य यांच्यामध्ये त्यांची जागा ठरलेली होती. वरवर सर म्हणत की प्रफुलने फार गळ घातली म्हणून लिहितो. पण हे सदर गेले तर आपण म्हणजे पिशवी घेऊन भाजीला निघालेला आणखी एक म्हातारा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. गुरुवार होता म्हणून आठवड्याचे उरलेले दिवस त्यांना सोसवत होते.

दिवाळीत मुलगा साकेत पुण्याहून आला. तो सॉफ्टवेअर कंपनीत होता. दोन दिवस त्याने बापाची ही सकाळची आरती ऐकली आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून संगणकावर काहीतरी बसवून दिले.

“बाबा, हा अ‍ॅड ब्लॉकर. जाहिराती आपोआप उडवतो. आता फक्त बातम्या दिसतील.”

सरांनी पान उघडले. ट्रॅक्टर नाही, मूळव्याध नाही, सोफासेट नाहीत. पांढऱ्या पानावर काळी अक्षरे, आणि हवामानाखाली नीट मांडलेली ‘कानउघाडणी’. साकेतच्या जन्माच्या वेळीही सर एवढे हरखले नव्हते, असे त्यांच्या पत्नी सुधाताई नंतर म्हणाल्या.

तेव्हापासून सरांचा तुसडेपणा दुपटीने वाढला. आधी ते लोकांना मूर्ख समजत, आता त्यांच्याकडे पुरावा होता. आपण बातमी वाचतो आणि उरलेला जिल्हा जाहिरात चघळतो. मित्र कंपनीच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ते आधीच बाहेर पडले होते. फोनवर वाचणे त्यांना न्हाव्याकडे पाळी येईपर्यंत जुना पेपर चाळण्याइतके हलके वाटे. सुधाताई मात्र दुपारी पलंगावर पडून फोनवरच ‘धामवार्ता’ पाहत.

“अजून त्या चिखलातच लोळतेस का?” सर विचारत.

“मले तं आवडते बाप्पा,” सुधाताई म्हणत. त्यांचे माहेर आर्वीचे, आणि इतक्या वर्षांत सरांना त्यांची भाषा काही सुधारता आली नव्हती. “साड्यांचे नवे रंग तरी दिसतात. तुमच्या पानावर काय दिसते? पांढरं फटक.”

सुधाताई सरांचे सदर वाचत नसत. लिहिण्याआधी चार दिवस ते त्यांना जेवताना तोंडी ऐकावे लागे, तेवढे त्यांना पुरत होते.

दिवाळीनंतर सरांनी त्यांच्या मते आयुष्यातला सर्वांत धारदार लेख लिहिला. जाम चौफुलीच्या मागे काळे रान आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचते आणि बैलही आत पाय टाकायला नको म्हणतात. त्या रानात आता चुन्याच्या रेघा आखल्या होत्या, रंगीत झेंडे रोवले होते, आणि प्लॉट विकले जात होते. सरांनी लिहिले की हायवे जवळ आहे एवढ्यावर चिखल विकत घेणाऱ्यांची कीव करावी की विकणाऱ्यांना दाद द्यावी हेच कळत नाही. नाव कुणाचे घेतले नाही, पण तिथले प्लॉट अंकित चिंतलवार विकतो हे शेंबड्या पोरालाही माहीत होते. अंकित म्हणजे सदाशिवराव चिंतलवारांचा मुलगा. सदाशिवरावांचे वर्ध्यात किराण्याचे जुने ठोक दुकान होते, आणि रोज सकाळी ते सरांसोबत फिरायला असत.

लेख गुरुवारी आला. सरांनी तो तीनदा वाचला आणि तीनही वेळा त्यांना तो आवडला.

पुढच्या गुरुवारी पान उघडले तर हवामानाखाली थेट राशिभविष्य. ‘कानउघाडणी’ नाही.

सरांनी पान पुन्हा उघडले. वर गेले, खाली गेले. मेष राशीला धनलाभ होता, सरांचा पत्ता नव्हता. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले, आणि मग हळूहळू एक विलक्षण समाधान अंगभर पसरले. घाबरला! प्रफुल चिंतलवारांना घाबरला आणि त्याने सदर बंद केले. आपली लेखणी कुणालातरी एवढी झोंबली की ती दाबावी लागली.

“प्रफुलले एकदा फोन करून पाहा ना,” सुधाताई म्हणाल्या. “इसरला असंल.”

“मी? मी फोन करू?”

फोन करणे शक्यच नव्हते. सरांच्या लेखी अपमान झाला की विचारायचे नसते. आपण फुगून बसायचे आणि समोरच्याने समजूत काढायला यायची वाट पाहायची, लग्नात मानपानावरून अडून बसलेल्या व्याह्यासारखी. ज्याने सदर दाबले त्याने घरी यावे, खाली मान घालून बसावे, मग सर काय ते बोलतील. प्रफुल आला नाही. त्याच दिवसापासून सरांनी घरात ‘धामवार्ता’चे नाव काढायला आणि सुधाताईंना ते फोनवर उघडायलाही बंदी केली. स्वतः मात्र दर गुरुवारी पान उघडून आपण अजून दाबलेलेच आहोत याची खात्री करून घेत राहिले.

लिहिणे त्यांनी थांबवले नाही. छापत नाही हे पाप त्याचे, लिहीत नाही हे पाप आपले का व्हावे? दर बुधवारी लेख ईमेलने जाई, सोबत एक अक्षर नाही. आणि कुणी वाचणार नाही म्हटल्यावर सरांच्या जिभेला काही हाडच राहिले नाही. एका लेखात त्यांनी प्लॉटवाल्यांना पुन्हा झोडपले. एकात वाचकांना निर्बुद्ध म्हटले. एकाचे नाव ‘संपादकाचा कणा’, आणि त्यात प्रफुलच्या पाठीत हाडाऐवजी काय काय असू शकेल याची सविस्तर चर्चा होती.

आणि याच दिवसांत गाव त्यांच्याकडे पाहून हसायला लागले.

पहिले सदाशिवराव. सकाळी फिरताना म्हणाले, “सर, पाह्यलं बरं का तुमचं सदर. लय मस्त दिसते.”

सरांनी चमकून पाहिले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तर काही कपट दिसेना.

“अंकितही लय खूश हाये तुमच्यावर,” सदाशिवराव म्हणाले. “म्हणे, सरांनी नाव काढलं आपलं.”

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोराने सदर बंद पाडायचे आणि बापाने सकाळच्या प्रहरी जखमेवर मीठ चोळायचे! दुसऱ्या दिवसापासून सर उलट्या दिशेने, बोरगाव मेघेकडे फिरायला जाऊ लागले. पण तिकडे औषधाच्या दुकानदाराने काउंटरवरूनच अंगठा दाखवला आणि ओरडला, “सर, तुम्ही तं छाऊन गेले!” बँकेतला शिपाई म्हणाला, “आमच्या घरी सगळे पाहतात तुमाले, दर गुरुवारी.” ईमेलने गेलेले लेख प्रफुल लोकांना दाखवत फिरतो आहे आणि सगळे मिळून आपली टिंगल करताहेत, याबद्दल सरांना आता शंका उरली नाही. कुणाला सरळ विचारण्याची गरज त्यांना एकदाही वाटली नाही. आपल्याला सगळे कळते अशी ज्याची बालंबाल खात्री असते, त्याला विचारायचे असते तरी काय?

संक्रांत झाल्यावर सरांनी ठरवले की आता उघड उघड होऊन जाऊ दे. ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सभागृह त्यांनी रविवारच्या संध्याकाळी मागून घेतले. कार्यक्रमाचे नाव ठेवले, ‘न छापलेली कानउघाडणी’. दाबलेले लेख ते स्वतः जाहीरपणे वाचणार होते. प्रफुलला आणि अंकितला त्यांनी हाताने पत्रे लिहून बोलावले. बोलावले नव्हते असे म्हणायला जागा नको.

“काऊन उगाच लोकांले गोळा करून राह्यले?” सुधाताई म्हणाल्या.

“त्यांचे पाणी जोखायला.”

सभागृह भरले. चहा आणि चिवडा आहे असे पत्रकात लिहिलेच होते, त्यामुळे सरांना गर्दीचेही फारसे कौतुक वाटले नाही. पहिल्या रांगेत सदाशिवराव आणि पांढऱ्या बुटांतला अंकित बसले होते. दोघेही प्रसन्न. प्रफुल कॅमेरा घेऊन आला होता आणि चित्रीकरणाची तयारी करत होता. निर्लज्जपणाची हद्द झाली, सरांना वाटले. मागच्या बाजूला शाळेचा निवृत्त शिपाई लहानू धुतलेला शर्ट घालून बसला होता. सरांच्या तासाची घंटा त्याने इतकी वर्षे दिली होती की अजूनही सर उभे राहिले की तो उभा राही.

सर उभे राहिले. लहानूही राहिला, आणि शेजाऱ्याने बाही ओढल्यावर बसला.

“मित्रहो,” सर म्हणाले, “दिवाळीनंतर माझे एक सदर बंद पाडण्यात आले. कुणी पाडले, कुणासाठी पाडले, ते दोघेही इथे हजर आहेत. जे छापण्याची त्यांची छाती झाली नाही, ते मी आज वाचणार आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. प्रफुलने कॅमेऱ्यामागून डोके बाहेर काढले.

“सर, बंद कोनी पाडलं जी? दर गुरुवारी लागते ना तुमचं सदर.”

“खोटं बोलू नकोस.”

“आईशप्पथ सर. हे पाहा.” तो व्यासपीठावर चढला आणि फोन त्याने सरांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा सारखा केला. फोनवर ‘धामवार्ता’ होती. वर ट्रॅक्टर धावत होता. हवामान. आणि त्याखाली सबंध पडदा भरून एक हिरवीगार चौकट. चौकटीत सरांचा फोटो. निरोप समारंभातला. फोटोवाल्याला ‘जरा थांब’ म्हणायला सरांनी बोट वर केले होते, तेव्हाचा. ते बोट आता थेट एका ओळीकडे दाखवत होते, ‘चिंतलवार ग्रीन सिटी, जाम चौफुली. हायवेला लागून. आजच या, जागा पाहा!’ त्याखाली जाड अक्षरांत ‘कानउघाडणी’, मग ‘सौजन्य: अंकित चिंतलवार’. मग सरांच्या लेखाच्या जेमतेम दोन ओळी, आणि मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत ‘पुढे वाचा’. त्याला चिकटून ताटाएवढे बटण, ‘साइट व्हिजिट बुक करा’.

“मला... मला हे दिसले नाही,” सर म्हणाले.

“संगणकावर पाहता काय सर? ब्लॉकर टाकला असंल कोनी.” प्रफुलला लगेच उलगडा झाला. “तो जाहिरातीचा डबाच उडवते. अन् तुमचं सदर त्याच डब्यात हाये ना. तुमच्या प्लॉटच्या लेखावर लय लोक आले, आतापावतो कधीच आले नव्हते तेवढे. तं अंकितभाऊ म्हनाले, सरांचं सदर आता माह्या नावानं चालू द्या. मी म्हनलं, सरांचाही मान, आपलंही भागते. तुमाले सांगाले येनारच होतो, पन तुमी तं बिनबोभाट लेख पाठवून राह्यले. मले वाटलं सरांले पसंत हाये.”

सर अंकितकडे वळले. “तो लेख मी तुझ्याविरुद्ध लिहिला होता.”

“असं?” अंकित मनापासून म्हणाला. “नाही सर, मी सुरुवात वाचली. जामचं नाव होतं, हायवे होता. लोक पत्ता विचारत आले ना. फोटो एकदम भारी आहे तुमचा.”

“आणि तू? तू छापणारा! तुझ्या पाठीच्या कण्यावर मी अख्खा लेख लिहिला.”

प्रफुलचा चेहरा खुलला. “माह्यावर? वा सर! मले मालूमच नाई. तुमचं शुद्धलेखन तपासाची गरजच नसते, म्हनून मी वाचत नाई, थेट टाकतो.”

हसू फुटले. सर सभागृहाकडे वळले. “इथे बसलेल्यांपैकी,” ते म्हणाले, “एकाने तरी माझा एखादा लेख शेवटपर्यंत वाचला आहे का?”

औषधाचा दुकानदार बुटांकडे पाहू लागला. सदाशिवराव समजूत घातल्यासारखे म्हणाले, “पाह्यला तं सगळ्यांनीच हाये, सर.”

गावाला सरांचा फोटो दिसत होता, सरांना कोरे पान दिसत होते, आणि लेख कुणालाच दिसत नव्हता. महिनोनमहिने सर एका भिंतीकडे तोंड करून गर्जना करत होते.

मग त्यांनी तो प्लॉटचा लेख वाचायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदाला आवाज लागला. चांगलाच लागला. काळे रान, साचलेले पाणी, आत पाय न टाकणारे बैल, चिखल विकणारे आणि चिखल घेणारे. सभागृह गप्प होऊन ऐकू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच लोक सरांचे काही शेवटपर्यंत ऐकत होते, त्यांच्या हातातले चिवड्याचे कागद तसेच राहिले. अंकितने पायावरचा पाय खाली घेतला. सदाशिवरावांचा चेहरा उतरला.

लेख संपला तेव्हा टाळी पडली नाही. मागून लहानू उभा राहिला. टोपी त्याने हातात घेतली होती.

“सर,” तो म्हणाला, “मी तं तेथी प्लॉट धरला ना जी. पेन्शनीतला पैसा आला होता, त्याचा इसार देऊन टाकला. पोरगं नाई म्हने, पानी साचते म्हने. मी म्हनलं, अबे, आपले दाणी सर बोट दाखवून राह्यले. सर खोटी जागा कायले दाखवतीन? सर, म्हंजे... घ्यायचा नव्हता काय?”

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. उत्तर एका शब्दाचे होते. सरांच्या जिभेवर ते आलेही होते.

तेवढ्यात प्रफुल त्यांच्या कानाशी लागला. भीतीने नव्हे, काळजीने. “सर, जरा जपून. अंकितभाऊंनी सौजन्य काढलं तं सदर ठेवता येनार नाई. तो डबाच त्याचा हाये. अन् मागच्या गुरुवारी, माहीत हाये? अकरा हजार लोकांनी पाह्यलं तुमाले.”

“अकरा हजार?” सर पुटपुटले.

“नागपूरहूनबी पाहतात.”

सरांनी अकरा हजार माणसे डोळ्यांपुढे आणून पाहिली. ती सगळी त्यांच्याचकडे पाहत होती. मग त्यांनी रिकामा गुरुवार पाहिला. मग भाजीची पिशवी. लहानू टोपी धरून उभाच होता.

“हे पहा लहानू,” सर म्हणाले, आणि त्यांचा वर्गातला आवाज परत आला, “लेखन ही एक वेगळी गोष्ट असते. लेखक एका व्यापक प्रवृत्तीविषयी बोलतो. बैल, चिखल, ही प्रतीके आहेत. त्यातून अमुक एका जागेविषयी अर्थ काढणे हे अपरिपक्व वाचनाचे लक्षण आहे. मी कुणा व्यक्तीविरुद्ध वा जागेविरुद्ध लिहिलेले नाही.”

लहानूने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “म्हंजे जागा बरी हाये?”

“मी असे म्हटले नाही,” सर म्हणाले. “आणि तसेही म्हटले नाही.”

“बरं झालं बाप्पा,” लहानू म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले सगळ्यांना दिसले. “मी तं घाबरून गेलतो.” तो पुढे आला, वाकला, आणि सरांच्या पायांना हात लावून गेला. अंकितने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली, कारण चहा आला होता.

घरी चप्पल काढताना सुधाताई म्हणाल्या, “लहानूले खरं काऊन नाई सांगितलं?”

“तुला लेखनातले काही कळत नाही.”

“लेखनातलं नाईच कळत. पान्यातलं कळते,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रात्री त्यांनी सरांना जेवायला वाढले, पण समोर बसल्या नाहीत.

सरांनी साकेतला फोन लावून विचारले की ते ब्लॉकर प्रकरण थोडा वेळ बंद कसे करायचे. त्याने सांगितले तिथे त्यांनी टिचकी मारली. ट्रॅक्टर धावत आला, चूर्ण आले, सोफासेट आले, आणि मध्ये हिरव्या चौकटीत बोट वर केलेले सर आले. सर स्वतःकडे बराच वेळ पाहत बसले. फोटो खरोखर चांगला होता. एवढेच की ते बोट जिकडे दाखवत होते तिकडे, नीट पाहिले तर, लहानू उभा असल्यासारखा वाटे.

बुधवारी त्यांनी नवा लेख लिहिला. विषय होता समाजातला ढासळता वाचनसंस्कार, आणि जाहिरातीला भुलून आयुष्याची कमाई मातीत घालणारी भोळसट माणसे. फार कडक लेख. नेहमीसारखा त्यांनी तो एक अक्षरही सोबत न लिहिता प्रफुलला पाठवून दिला.

गुरुवारी सकाळी पान उघडण्याआधी त्यांनी ब्लॉकर पुन्हा सुरू केला. पांढऱ्या पानावर काळी अक्षरे आली. हवामानाखाली थेट राशिभविष्य. मध्ये हिरवे काही नाही, बोट नाही, जाम नाही, लहानू नाही.

“हं, आता कसे स्वच्छ दिसते,” सर म्हणाले, आणि त्यांनी आतल्या दिशेने चहाची हाक दिली.